स्वस्त चायना माल पेटला, तर सामनेवाला कोण?

दीडशे रुपयांचा चार्जर रात्री पेटला. फोन गेला, पडदा गेला, गादी अर्धी जळाली आणि विझवताना हात भाजला. भरपाई मागायची कुणाकडे? दुकानदार म्हणतो, मी थोडाच बनवलाय. त्याचा होलसेलर म्हणतो, आम्ही नुसता माल फिरवतो. ऑनलाइन घेतला असेल तर कंपनी सांगते की विकणारा वेगळा, आम्ही फक्त जागा देतो. आणि ज्याने बनवला तो बसलाय चीनमधल्या कुठल्यातरी गावात, खोक्यावर त्याचं नावसुद्धा नाही.

‘चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक’ असं आपण हसत हसत म्हणतो. त्या हसण्यात आपण एक गोष्ट मान्य करून टाकलेली असते: स्वस्तात घेतलं, आता काय होईल ते आपलं. बाजार हे गृहीत धरूनच चालतो. कायदा मात्र तसं धरत नाही. स्वस्त वस्तू लवकर मोडली तर तक्रार करताना जरा लाज वाटेल, ठीक आहे. पण ती अंगावर पेटली तर किंमत दीडशे असो की दीड हजार, कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. ते कुणाला, एवढंच या लेखात बघायचं आहे.

त्याआधी चार्जर उघडू. कोपरखैरणेतल्या एका मोबाइल रिपेअरवाल्याने मला दोन चार्जर फोडून शेजारी शेजारी ठेवून दाखवले, एक फोनच्या कंपनीचा आणि एक स्टेशनबाहेरचा. बाहेरून दोन्ही पांढरे, गुळगुळीत. हातात घेतल्यावर वजनात फरक कळतो. आत एक छोटी सर्किटची पट्टी. तिच्या एका अंगाला भिंतीतले 230 व्होल्ट येतात, दुसऱ्या अंगाने फोनला 5 व्होल्ट जातात. या दोन अंगांनी एकमेकांना कधी शिवायचं नाही. चांगल्या चार्जरमध्ये त्यांच्यामध्ये पाचेक मिलिमीटर मोकळी जागा सोडतात, कधीकधी पट्टीला आरपार चीरच पाडतात. ‘ही बघा दादा, फट,’ असं म्हणत त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या चिरेत घातलं. दुसऱ्या पट्टीवर टोक ठेवायला जागाच सापडेना. 230ची रेघ आणि 5ची रेघ यांच्यात नखाच्या जाडीएवढं अंतर होतं. आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत, त्यावर थोडी धूळ बसल्यावर, तेवढंही उरत नाही.

दुसरी बचत एका कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाची. दोन्ही अंगांमध्ये एक खास कपॅसिटर लावायचा असतो. तो बिघडला तर मधूनच तुटतो, वीज पलीकडे जाऊ देत नाही. स्वस्तात त्याच्या जागी साधा लावतात, आणि साधा बिघडला तर दोन्ही अंगं जोडून मोकळा होतो. चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेला हात लागून कुणाला जबर झटका बसला असं ऐकलंत, तर संशय याच्यावर घ्या. आणि फ्यूज? त्या दुसऱ्या पट्टीवर नव्हताच.

हे सगळं इतकं तपशिलात सांगितलं ते एका कारणासाठी. फट बारीक झाली, कपॅसिटर बदलला, फ्यूज वगळला, ही कामगाराची चूक नाही. हे कुणीतरी ठरवून केलेलं आहे. महागड्या फोनचे चार्जरही वर्षानुवर्षं चीनमध्येच बनत आलेत, कधीकधी त्याच पट्ट्यातल्या कारखान्यांत. तिथला कारखानदार तुम्ही द्याल त्या भावाचा माल बनवून देतो. अमुक इतक्या पैशांत नग बसवून दे, असं त्याला सांगणारा माणूस पुष्कळदा इकडचा असतो, आणि तो म्हणजे आयातदार. त्यामुळे ‘माल चीनचा, आम्ही काय करणार’ हे वाक्य मला कधी पटलेलं नाही.

आता माल येतो कसा ते बघा. आपल्या भागात तो डोळ्यांसमोरून जातो. पनवेल, उरण, उलवेकडे राहणाऱ्यांना न्हावा शेव्याचे ट्रेलर रोजचे आहेत. 1989 साली सुरू झालेल्या या बंदरात कंटेनर उतरतो, आयातदाराच्या वतीने कस्टम्स ब्रोकर ‘बिल ऑफ एन्ट्री’, म्हणजे आयात मालाचं विवरणपत्र, भरतो, ड्युटी भरली जाते आणि कंटेनर भिवंडीच्या गोदामाकडे निघतो. तिथून मस्जिद बंदर, क्रॉफर्ड मार्केटचे होलसेलर, आणि तिथून ठाण्याच्या स्टेशन रोडपासून वाशीच्या सेक्टर 17 पर्यंतची दुकानं, टपऱ्या, ‘हर माल’चे सेल.

कस्टम्सने सोडलं म्हणजे कुणीतरी तपासलं असणार, असा एक समज आहे. एवढ्या कंटेनरांतला प्रत्येक कंटेनर उघडून बघायचा म्हटलं तर बंदर दोन दिवसांत तुंबेल. म्हणून 2005 पासून संगणकावरची जोखीम-प्रणाली ठरवते की कोणता कंटेनर थांबवायचा, आणि 2011 पासून ड्युटीचा हिशोब आयातदार स्वतःच करून देतो. आतला चार्जर पेटेल का, हे तिथे सहसा कुणी बघत नाही. बघतात ते बहुतांशी कागद. म्हणूनच 2018 साली कस्टम्स कायद्यात एक कलम वाढवलं. भरलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, कागदपत्रं अस्सल आहेत आणि या मालावर जे निर्बंध आहेत ते सगळे पाळलेत, हे बघायची जबाबदारी आयातदाराची. म्हणजे बंदरावर तरी त्या मालाला धनी असतो. नाव, पत्ता, आयातीचा कोड, सगळं सरकारच्या संगणकात पडलेलं असतं.

तो धनी हरवतो पुढच्या प्रवासात. भिवंडीत खोकी फुटतात, माल गोण्यांत भरला जातो, होलसेलर कच्च्या चिठ्ठीवर देतो. ठाण्यात पोचेस्तोवर चार्जरबरोबर कुणाचंच नाव राहिलेलं नसतं. हे हलगर्जीपणाने होतं असं समजू नका, त्यात बऱ्याच जणांची सोय असते.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 बोट ठेवतो ते इथेच. तो जुलै 2020 मध्ये लागू झाला आणि त्यातलं सहावं प्रकरण ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’चं, म्हणजे सदोष वस्तूने इजा झाली तर भरून कोणी द्यायचं याचं. 1986 च्या कायद्यात असं स्वतंत्र प्रकरण नव्हतं. पहिला जबाबदार अर्थातच उत्पादक. वस्तू बनवताना दोष राहिला, आराखडाच सदोष होता, नीट सूचना किंवा इशारे दिले नाहीत, तर तो बांधला गेला. पण उत्पादक कोण, याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःचा छाप मारतो, तोही उत्पादक! चीनमधून कोऱ्या पॉवर बँका आणून त्यावर स्वतःच्या ब्रँडचं नाव छापणारा आयातदार कायद्याच्या नजरेत उत्पादकच आहे. ‘आम्ही नुसतं ब्रँडिंग करतो’ ही पळवाट त्याला नाही.

छाप मारला नाही, जसा आला तसा विकला, तर तो ‘विक्रेता’. या शब्दात आयात करणारा, वाटप करणारा, पॅकिंग करणारा, दुकानात विकणारा असे सगळे येतात. विक्रेता सरसकट जबाबदार नसतो, आणि ते योग्यच आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या स्टेशनरीवाल्याने प्रत्येक वस्तू फोडून बघावी अशी अपेक्षा कोण करेल? पण कलम 86 मध्ये काही प्रसंग दिलेत, ज्यांत विक्रेता उत्पादकासारखाच अडकतो. वस्तूची रचना, चाचणी किंवा पॅकिंगवर त्याचाच ताबा होता, त्याने वस्तूत बदल केला, त्याने स्वतःहून हमी दिली, वस्तू जोडताना किंवा तपासताना योग्य काळजी घेतली नाही, हे त्यातले काही. आपल्या कामाचा प्रसंग वेगळाच आहे. उत्पादक कोण ते माहीत नसेल, किंवा माहीत असूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, किंवा त्याला भारताचा कायदा लागू होत नसेल, किंवा त्याच्याविरुद्धचा हुकूम अमलात आणता येणार नसेल, तर विकणारा जबाबदार.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. बेनामी परदेशी मालाला ते जसंच्या तसं लागू पडतं. उत्पादक हाती लागत नाही, एवढी एक गोष्ट पुरते. मग साखळीतला जो हाती लागेल तो त्याच्या जागी उभा राहतो. खोक्यावर आयातदाराचं नाव असेल तर तो सापडतो. नसेल तर नौपाड्यातला दुकानदार. म्हणजे ज्या कच्च्या चिठ्ठीने त्याचे जीएसटीचे चार पैसे वाचले, तीच त्याच्या गळ्यात पडते. छोट्या दुकानदारावर हे जड जातं, मला मान्य आहे. पण पक्कं बिल मागणं, खोक्यावरचं नाव बघणं त्याला जमतं. आपल्याला ग्राहक म्हणून तेवढंही जमत नाही.

कायदा ‘इजा’ कशाला म्हणतो तेही बघायला हवं, कारण इथे लोकांची गफलत होते. शरीराला झालेली इजा, आजार, मृत्यू, त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचं नुकसान आणि त्यापायी झालेला मनस्ताप, हे इजेत येतं. खुद्द चार्जरचे दीडशे रुपये येत नाहीत. ते सदोष वस्तू म्हणून वेगळे मागता येतात. धंद्याचं नुकसानही येत नाही. आणि तुम्ही वस्तू भलत्याच कामाला वापरली किंवा तिच्यात फेरफार केला, तर विक्रेता सुटू शकतो. चार्जरच्या प्रकरणात समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल: फोन उशीखाली होता, ढिल्या एक्स्टेंशनला लावला होता, रात्रभर चालू होता.

खोक्यावर काय बघायचं? आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि तक्रारीसाठीचा संपर्क असलाच पाहिजे, हा 2011 च्या वैधमापन नियमांचा भाग. वर चिकटवलेलं स्टिकर असलं तरी चालतं. शिवाय मोबाइलचे चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे अशा बऱ्याच वस्तूंना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे; त्यांच्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. पाणी तापवायचा रॉड, प्लग-सॉकेट, प्रेशर कुकर यांच्यावर आयएसआयचा शिक्का हवा, आणि शिक्क्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. शिक्का कुणीही छापेल. म्हणून नंबर ‘बीआयएस केअर’ या मोफत अॅपमध्ये टाकायचा. परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. ‘सीई’ असं छापलेलं बघून निर्धास्त होऊ नका, ती युरोपच्या बाजारासाठीची खूण आहे, आपल्याकडे तिला कायद्याने काही किंमत नाही.

परदेशी कारखान्याला बीआयएसचा परवाना हवा असेल तर भारतातला एक अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. म्हणजे अस्सल नंबरामागे इथे राहणारं एक माणूस उभं असतं. मला शिक्क्याचा खरा उपयोग हाच वाटतो. चाचणीत पास झालेला नमुना आणि तुमच्या हातातला नग यांत फरक पडू शकतो, पण निदान नोटीस पाठवायला पत्ता असतो.

खेळण्यांचं उदाहरण त्यातलंच. 2019 मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून आयात खेळण्यांचे नमुने घेतले, तर 66.90 टक्के नापास झाले. त्यानंतर 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचं झालं. तरी सिग्नलवर, जत्रेत, ट्रेनमध्ये लाइट लागणारी खेळणी बिनशिक्क्याची मिळतातच. एक गोष्ट जरूर बघा: बटणासारख्या चपट्या सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे की नखाने उघडतं. तो सेल बाळाने गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते.

आता ऑनलाइनचं. इथे मामला अर्धवट आहे आणि माझं मत जरा तिखट आहे.

अॅपवर वस्तू दाखवणारी कंपनी स्वतःला ‘मार्केटप्लेस’ म्हणवते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 मध्ये मध्यस्थाला संरक्षण आहे: दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी, काही अटी पाळल्या तर, त्याच्यावर येत नाही. 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात की हे संरक्षण हवं असेल तर विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवा, मूळ देश दाखवा, आयात माल असेल तर आयातदाराचा तपशील द्या, तक्रार अधिकारी नेमा. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं. वाचायला छान वाटतं. पण मजकूर आणि चार्जर यांत फरक आहे की नाही? भिवंडीच्या गोदामात माल कंपनीच ठेवते, तिच्याच टेपने खोकं बंद होतं, पैसे तिच्याकडे जातात, वरच्या ओळीत कोणता चार्जर दाखवायचा ते तिचा संगणक ठरवतो, परत घेतानाही माणूस तिचाच येतो. एवढं सगळं करणाऱ्याने आग लागल्यावर मात्र ‘आम्ही नुसता फळा’ म्हणावं, हे कुठलं?

2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हाच प्रश्न कुकरच्या निमित्ताने विचारला. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय सक्तीचं झालं होतं, तरी बिनशिक्क्याचे कुकर अॅपवर विकले जात होते. अॅमेझॉनवरून असे 2,265 गेले होते, फ्लिपकार्टवरून 598. दोघांनाही एकेक लाख दंड, आणि ग्राहकांना कळवून कुकर परत घ्या, पैसे द्या, असा आदेश. विक्रीतून तुम्ही शुल्क कमावता, मग अडचण आली की अंग काढून घेता येणार नाही, असा प्राधिकरणाचा सूर होता. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. लाखाचा दंड त्यांना काहीच नाही; ‘परत बोलवा’ हे दोन शब्द जास्त लागतात, कारण मग प्रत्येक खरेदीदाराला तुम्ही कुठे आहात ते आम्हाला ठाऊक आहे असं कबूल करावं लागतं.

बाहेरही हाच वाद आहे. कॅलिफोर्नियात लॅपटॉपची बदली बॅटरी फुटून एक बाई भाजली. विकणारी कंपनी परदेशी होती. 2020 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने अॅमेझॉनला जबाबदार धरता येईल असं म्हटलं. युरोपीय संघाने 13 डिसेंबर 2024 पासून सोपा नियम लावला: संघात राहणारा, जबाबदारी घेणारा कुणी नसेल तर ती वस्तू ग्राहकाला विकायचीच नाही. आपल्याकडे अॅपसाठी इतकं सरळ वाक्य अजून हवं आहे.

एक आडवाटही सांगतो. परदेशी साइटवरून थेट मागवलेलं पार्सल येतं तेव्हा कुरिअरवाला आधार, पॅन मागतो. लोक वैतागतात. पण तो मागतो कारण कस्टम्सच्या कागदावर आयातदार म्हणून तुमचंच नाव जाणार असतं. 2019 च्या डिसेंबरपर्यंत असा बराच माल ‘भेटवस्तू’ म्हणून बिनड्युटीचा यायचा. मग सरकारने राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून ती वाट बंद केली. अशा पार्सलातला चार्जर पेटला तर साखळीत भारतातलं नाव एकच, तुमचं.

आणि खरंच काही घडलं तर? जळका चार्जर फेकू नका, दुकानदाराला ‘बदलून देतो’ म्हटलं तरी परत देऊ नका. तोच पुरावा आहे. गरज पडली तर ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. 45 दिवसांत अहवाल अपेक्षित असतो, तपासणीचा खर्च तक्रारदाराला आधी भरावा लागतो. खोकं, बिल, ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट, जागेचे फोटो, हॉस्पिटलचे कागद, आग मोठी असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, सगळं एका पिशवीत. स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, ती पानं नंतर गायब होतात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पण ती तडजोडीची वाट आहे. भरपाईचा हुकूम हवा तर जिल्हा आयोगच.

तुम्ही ठाण्यात राहत असाल तर दावा ठाणे जिल्ह्यातच करता येतो. विक्रेत्याचा पत्ता गुरुग्रामचा असला तरी. मुदत दोन वर्षं. आयोग कुठला आणि फी किती हे वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, नुकसानीच्या आकड्यावर नाही. चार्जर दीडशेचा असेल आणि घरातलं नुकसान तीन लाखांचं, तरी जिल्हा आयोगच, आणि फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येतं.

तक्रारीत ज्यांच्याविरुद्ध मागायचं ते ‘सामनेवाले’. एकट्या दुकानदाराचं नाव घालू नका. दुकानदार, खोक्यावर असेल तर आयातदार, ज्याचा ब्रँड आहे तो, ऑनलाइन असेल तर अॅपची कंपनी आणि तिथला विक्रेता, सगळे घाला. कोणाला वगळायचं ते आयोग ठरवेल. आयातदाराचं नाव कुठेच नसेल तर तसंच लिहा की वेष्टनावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता नाही. कलम 86 चं ते वाक्य तिथून दुकानदाराच्या मागे लागतं, आणि मग होलसेलरचं बिल शोधत मस्जिद बंदरला जायचं काम तुमचं राहत नाही, त्याचं होतं.